लाकडाचं इंजिन

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करायचे. बसायला दिलेली खुर्ची दोन्ही हातांनी उचलायची, तिचे पाय आढ्याकडे करून सांधे बघायचे, कुठे खिळा दिसला की जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' करायचं, आणि मग ती सरळ ठेवून खाली जमिनीवरच मांडी घालायची. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही यवतला गेलो तेव्हा वडलांच्या आग्रहावरून मी त्यांना बरोबर नेलं. राहू गावच्या आमच्या सगळ्या भाऊबंदांत शिकलेला मी एकटा. बाकीचे कालपरवापर्यंत मेंढरांमागे होते. तेव्हा आणखी एक मास्तर सोबत असला तर मुलीकडच्यांवर वजन पडेल, असा वडलांचा हिशोब. मास्तरांनी थेट मुलीच्या बापाची खुर्ची उलटी केली. "समदे खिळे मारल्यात. सुतार बदला," म्हणाले. लग्न जमलं, पण सासरे शेवटपर्यंत मला विचारायचे, "तुमचा त्यो खुर्चीवाला बरा हाय का?"

मला ते फारसे आवडत नसत, हे आधीच सांगून टाकतो. घोडनदी गावातल्या मिशनच्या शाळेत ते सुतारकाम शिकवत, मी गणित. आमच्या खोल्यांची भिंत एक होती, त्यामुळे त्यांची करवत, त्यांचा रंधा आणि रंध्याच्या तालावर म्हटलेली त्यांची उपासनेची गीतं माझ्या वाट्याला आपोआप आली. आज इतक्या वर्षांनी त्यांची आठवण झाली की पहिल्यांदा राग येतो. आणि तो राग पुरता यायच्या आत त्यांचं एखादं गीत मी गुणगुणायला लागतो, त्याचाही राग येतो.

गावात त्यांना 'अंदाज मास्तर' म्हणत. कुठल्याही गोष्टीचं अंदाजपत्रक केल्याशिवाय त्यांचा हात हलत नसे. सुतारशाळेत एक मोठा फळा होता, त्याच्यावर खडूनं बाबी मांडायच्या, आणि मधल्या सुट्टीत मला खिडकीतून हाक मारायची, "गणितवाले, या जरा. अंदाज मी केलाय, बेरीज तुम्ही करा." प्रत्येक अंदाजपत्रकात शेवटची बाब 'अडचण' अशी असे आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यांत मोठी असे. एखादी वस्तू स्वस्तात मिळाली तर वाचलेले पैसे अडचणीत जमा व्हायचे. मी एकदा म्हणालो, "मास्तर, अडचण आलीच नाही तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाचं नाव टाकून बोललो होतो. माझ्या लग्नाचंही अंदाजपत्रक त्यांनी करून दिलं होतं. त्यात मांडव, तांदूळ, वाजंत्री यांच्याखाली 'रुसवेफुगवे' अशी एक बाब होती, आणि ती खरोखर तेवढ्यालाच पडली.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणत असू. विहिरीच्या पायरीवरून घसरून त्या पडल्या आणि कंबरेखाली लुळ्या झाल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांचं अंघोळ-पाणी, वेणीफणी, भाकरी, सगळं मास्तर करत, आणि ते करताना कुणी आलेलं त्यांना खपत नसे. बाई बाजेवर पडून गल्लीतल्या पोरींना गाणी शिकवत, तांदूळ निवडत आणि भिंतीपलीकडून माझ्या बायकोशी बोलत. जिभेनं तिखट होत्या. "भाऊजी," मला म्हणायच्या, "आमच्या घरात दोन मान्सं हायती. एक झोपून असतं, आन् दुसरं इचार करत असतं. काम कोन करनार?"

बाईंचं माहेर दौंडचं. भाऊ रेल्वेच्या शेडमध्ये फिटर, आई त्याच्याजवळ. आईला मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशनला ती तयार नव्हती, आणि दिवसेंदिवस दिसणं कमी होत चाललं होतं. पोरीला एकदा डोळे भरून बघायचं, चार महिने जवळ ठेवून घ्यायचं, एवढंच तिचं मागणं. अंतर काही फार नव्हतं. पण बाईंना न्यायचं कसं? पडल्यानंतर एकदा मास्तरांनी त्यांना एस.टी.त घालून पुण्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. शिक्रापूर यायच्या आतच धक्क्यांनी बाईंची शुद्ध गेली. त्या दिवशी मास्तरांनी शपथ घेतली की पुन्हा बाईंना बसमध्ये घालणार नाही. नेईन तर झोपवून नेईन, आणि माझ्या गाडीनं नेईन.

आता, सुतारकामाच्या मास्तराकडे गाडी कुठून येणार? तर ती होती. मिशनचे गोरे साहेब मायदेशी परतले तेव्हा त्यांची जुनी मोटार ते मास्तरांना देऊन गेले. द्यायला कारणही होतं. साहेबांनी ती एकदा पाण्यावाचून पळवली आणि इंजिनाला तडा गेला. आमच्या आवारातल्या कडुलिंबाखाली ती कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडत होती. "गाडीचं काय वाईट न्हाई," मास्तर म्हणायचे, "मानूस वाईट. टाकीत पानी हाय का न्हाई, येवढं बघायला काय लागतं?"

पुण्याच्या जुन्या बाजारात लढाईतल्या मोडीत काढलेल्या गाड्यांची इंजिनं मिळत. दुसऱ्या जातीच्या, मोठ्या गाडीचं इंजिन या गाडीत बसवायचं, असं मास्तरांनी ठरवलं आणि फळा धुऊन काढला. इंजिन, ते बसवायची लोखंडी बैठक, पाण्याच्या गळक्या टाकीला द्यायचा डाग, इंजिन उचलायला विहीर खोदणाऱ्यांच्या यारीचं भाडं, पुढची एक सीट काढून झोपायची फळी, आणि अडचण. आणखी एक बाब नदीची होती. आमच्या वाटेवर भीमेला तेव्हा पूल नव्हता. थंडीत पाणी उतरलं की मृगापर्यंत उतारावरून बैलगाड्या आणि एखादा ट्रक पलीकडे जाई. मृग लागला की वाट बंद. पुण्यावरून गेलं तर अंतर दुपटीहून जास्त, आणि पुण्याच्या रहदारीवर मास्तरांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून धुराची नळी वर काढायची, म्हणजे नदी ओलांडताना तिच्यात पाणी शिरणार नाही, असं सगळं बारकाईनं मांडलेलं. मी बेरीज केली. ती भलतीच मोठी निघाली, पण मास्तर सुट्टीत बागाईतदारांची कपाटं करू लागले आणि पैसे जमत गेले.

पैसे जमले तरी इंजिन आलं नाही. कारण मास्तरांचा सगळ्या कामात एकच नियम होता: आधी लाकडात, मग लोखंडात. घराचं दार असो की चर्चची घंटा टांगायचा आकडा असो, आधी लाकडाचा करून बघायचा. ते पुण्याला व्यापाऱ्याकडे जात, दोरी आणि घडीची फूटपट्टी घेऊन इंजिनाची मापं घेत आणि काही विकत न घेता परत येत. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो, तेव्हा व्यापाऱ्यानं त्यांना चहा पाजला आणि हळूच मला विचारलं, "यांच्या घरी कुणी मोठं माणूस नाही का?" मग सुतारशाळेत लाकडाचं इंजिन तयार व्हायला लागलं. खालचा ठोकळा बाभळीचा, वरचा भाग सागाच्या तुकड्यांचा, पंखा, नळ्या, बोल्टांची भोकं, सगळं जिथल्या तिथे. ते गाडीत ठेवायचं, बॉनेट लावून बघायचं, कुठे अडतंय ते बघून काढायचं, पुन्हा तासायचं. पाबळ-न्हावऱ्यापासून माणसं बाजारच्या दिवशी ते बघायला यायची आणि त्यावर हात फिरवून जायची. एकानं तर नमस्कारही केला.

बाईंनी ते बघायला मागितलं तेव्हा मास्तरांनी त्याचा वरचा भाग उचलून बाजेवर ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांनी वर उचलला आणि हसल्या. "केवढं हलकं हाय वो! मी बी उचलतीय की!"

"साग हाय त्यो," मास्तर खूश होऊन म्हणाले. मीही तिथेच होतो. मलाही त्यात कौतुकापलीकडे काही ऐकू आलं नाही.

या तासण्यात पहिला उन्हाळा गेला. भाऊ दौंडहून आला तो तापूनच. "दाजी, मी ट्रक सांगतो. गवत पसरू, वर गादी टाकू. म्हातारीला आता मान्साचा निस्ता आकार दिसतोय."

"ट्रकात माल नेत्यात," मास्तर म्हणाले. "मी शब्द दिलाय तिला."

"शब्दाला काय चाटायचंय?"

बाई आतून ओरडल्या, "अरं, त्यांच्याशी भांडू नगं. त्ये आनतील. जवा आनतील तवा आनतील." भाऊ जेवला नाही, तसाच गेला.

दुसऱ्या उन्हाळ्यात खरं इंजिन आलं. गाडीवर यारी उभी केली, इंजिन साखळीला टांगलं आणि मास्तरांनी हातानं इशारा करत इंच इंच खाली घेतलं. बैठकीची भोकं आणि इंजिनाची भोकं एकावर एक आली. एकही घासलं नाही, एकही ठोकावं लागलं नाही. बोल्ट बोटांनी फिरले. सगळ्या आवारानं टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगतो, मीही वाजवल्या. मग यारीवाल्यानं साखळी सैल सोडली. गाडीचं नाक खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि पुढचे मडगार्ड चाकांवर टेकले. स्प्रिंगचे पुढचे पाटे पार सपाट झाले होते. टाळ्या थांबल्या.

मास्तर चाकाशी उकिडवे बसले आणि मडगार्डखाली बोट जातं का ते त्यांनी बघितलं. "वजन," ते म्हणाले. "वजन धरलंच न्हाई आपन."

मापात सूतभरही न चुकणारा माणूस, पण आयुष्य लाकडात गेलेलं. लाकडाचं इंजिन त्यानं उन्हाळाभर गाडीत ठेवलं-काढलं, आणि लोखंड जड असतं हे त्याच्या हिशोबात आलंच नाही. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला आला राग, कारण खिडकीतून बाईंनी सगळं बघितलं होतं. पाटे वाढवून घ्यायला लोहाराकडे गेलो तर त्याच्याकडे पेरणीआधीच्या नांगरांच्या फाळांची रास लागलेली. तो म्हणाला, आधी शेतकरी. पाटे झाले तेव्हा नदीला पाणी आलं होतं.

त्या पावसाळ्यात एकदा मी त्यांना तोंडावर म्हणालो, "मास्तर, तुम्हाला बाईंना न्यायचंच नाही."

ते फळ्याकडे तोंड करून उभे होते. वळले नाहीत. "ती तिकडं गेल्यावर हितं मी काय करू, गणितवाले?" म्हणाले. "सकाळी उठून काय करायचं मानसानं?"

मी खडू खाली ठेवला आणि वर्गावर गेलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र भाऊ रजा काढून आला आणि हलेचना. तो फिटर, इंजिनातलं त्याला कळत होतं. दोघं मेव्हणे आठवडाभर त्या कडुलिंबाखाली एकमेकांवर खेकसत राबले, आणि एका सकाळी गाडी सुरू झाली. मडगार्ड चाकाच्या वर होते, नळी नीट धूर सोडत होती. एकच उणं राहिलं होतं. पाण्याची टाकी जुनी होती, डाग देऊनही थोडी गळायची. मधेमधे पाणी घालावं लागणार होतं. "त्यात काय," मास्तर म्हणाले, "बघत ऱ्हायलं की झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंना फळीवर झोपवलं. माझ्या आईनं राहूहून पाठवलेली दोन घोंगडी खाली घातली. मागे मी आणि भाऊ. बाई नवं लुगडं नेसल्या होत्या, आणि कित्येक वर्षांनी बाहेर पडल्यामुळे त्या दिसेल ते बोलून दाखवत होत्या. "ती बघा बाभळ. ह्यो कुनाचा मळा? लई ऊन पडलंय वो." मास्तर दर दोन-तीन मैलांनी गाडी थांबवायचे. पाणी बघायचे, तेल बघायचे, पाट्यांवर हात फिरवायचे, मग बाईंच्या मानेखालची उशी सारखी करायचे. पाणी बघायचं ते ठीक, पण मास्तर चाकांच्या नटांवरसुद्धा बोट ठेवून बघत होते. भाऊ चिडून म्हणाला, "दाजी, आता निंबाच्या झाडाला बी इचारा, पानी पायजे का." बाई खळखळून हसल्या. भीमेच्या उतारावर पाणी गाडीच्या पायरीला लागलं, मी दोन्ही पाय सीटवर घेतले, आणि गाडी पलीकडे चढली. त्या वेळी मास्तरांनी एकदाच मागे वळून आमच्याकडे बघितलं. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

दौंडला पोचायला दिवस कलला. म्हातारी दारातच बसली होती. तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, अगदी डोळ्यांजवळ नेलं, आणि म्हणाली, "दिसती गं, दिसती." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सकाळी मास्तर आणि मी निघालो. शाळा उघडायची होती, नदी कधीही वाढली असती. बाईंनी मास्तरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "नाताळाला न्यायला या. गाडी नीट ठेवा." मास्तरांनी मान हलवली. जाऊन गाडीत बसले.

परतीच्या वाटेवर मास्तर कुठेही थांबले नाहीत. मी म्हणालो, "पाणी बघू या." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." नदी ओलांडल्यावर मी पुन्हा म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. समोर बघत गाडी हाकत होते, शेजारच्या रिकाम्या फळीवर ती घोंगडी तशीच होती. बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा मी ओरडलो, तरी त्यांचा पाय पॅडलवरून निघाला नाही. न्हावऱ्याच्या अलीकडे आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि गाडी थांबली. इंजिन जाम झालं होतं. ज्याबद्दल साहेबाला इतकी वर्षं नावं ठेवली, नेमकं तेच मास्तरांनी केलं होतं. ते खाली उतरले, बॉनेट न उघडताच रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आता तिला आनायचं कसं?"

बैल लावून गाडी घोडनदीला आणली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवं अंदाजपत्रक होतं. इंजिन, टाकी नवी, यारी, अडचण. पैसे संपलेले होते, तेव्हा पुन्हा कपाटं. या वेळी लाकडाचं करायचं नव्हतं, मापं होती, वजन होतं. फक्त नाताळ गाठायचा होता. मी म्हणालो, "मास्तर, पुण्यावरून आगगाडीनं जाऊन निदान भेटून तरी या. एकटे जा. दोन दिवसांत परत."

"आन् तिनं इचारलं, गाडी कुठं हाय, तर काय सांगू?"

मी चिडलो, भांडलो. माझी बायको भांडली. ते गेले नाहीत. दौंडला निरोप पाठवला, गाडीचं थोडं काम निघालंय, होतंय. तिकडून निरोप आला, घाई करू नका. दिवाळीची सुट्टी आली, गेली. घरातली बाईंची बाज त्यांनी उन्हात टाकली, झटकली, पुन्हा आत घेतली. रंध्यावर ते आता गात नसत. भिंतीपलीकडून नुसता रंधाच ऐकू येई.

थंडी पडल्यावर तार आली. बाईंना ताप भरला होता, छातीत कफ झाला, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. आम्ही एस.टी.नं पुण्याला आणि तिथून आगगाडीनं दौंडला गेलो. मास्तर वाटेत एकच वाक्य बोलले, "नवी टाकी आलीया." दौंडच्या कब्रस्तानात माती झाली. उपदेशकांनी प्रार्थना केली, माणसं पांगली, म्हातारीला धरून कुणीतरी घरी नेलं. भाऊ, मास्तर आणि मी मागे राहिलो.

भावाचा राग आता निघून गेला होता. तो हळू आवाजात बोलला. "दिवाळीपासनं तिला घरी यायचं हुतं, दाजी. म्हनायची, मला बसनं चालंल, आता आधीसारकं दुखत न्हाई, दोन उशा घेतल्या की बसती मी. मी म्हनलं, मग दाजींना कळवतो, बसनं न्यायला या म्हनून. तर म्हनली, नगं. त्ये गाडीच्या मागं लागल्यात, त्यांना वाईट वाटंल."

मास्तरांनी वाकून मातीवरचा एक खडा बाजूला केला.

"बसला धक्के लई बसत्यात," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि तिथे ओल्या मातीशेजारी खाली बसले. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरलं, पण आम्हाला त्यांना उठवता येईना.